हाफ तिकिटाचं पाळणाघर

साल दोन हजार चोवीस, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्या साली आमच्या लालबागच्या चाळीत एका माणसाने भांडण काढलं की माझ्याकडून इन्कम टॅक्स घ्या. लोक टॅक्स चुकवायला भांडतात. हा भरायला भांडत होता. म्हणे, घेत नाही म्हणजे काय, मी काय बेकार आहे?

त्याचं नाव भिकू परब. माझा शेजारी. धंदा पाळणाघराचा. होय, पुरुष माणूस, पांढऱ्या मिशा, आणि खोलीत पाच-सहा पोरं. त्याआधी सगळी नोकरी बसच्या कंडक्टरची. बस सुटली, कंडक्टर सुटला नाही. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलीय, टोकाला घंटी. एक बेल दिली की सगळ्यांनी थांबायचं, मारामारी असली तरी. दोन बेल दिल्या की जेवायला सुरुवात. आणि पोरं ऐकतात हो! आपापल्या आईबापाला न जुमानणारी पोरं एका बेलवर अर्धा घास तोंडात धरून थांबलेली मी पाहिलीत. रडणाऱ्या पोराला तो "उभा प्रवासी" म्हणतो, कारण त्याला कडेवर घेऊन उभं राहावं लागतं. आई न्यायला उशिरा आली तर दारातच, "शेवटची गाडी केव्हाच गेली, बाई."

पाळणाघर मुळात वैनीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. ती गेली. तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी आया पोरांना घेऊन दारात. भिकू उठला तो "बंद केलंय" एवढं सांगायलाच. दार उघडलं, समोर गर्दी बघितली आणि तोंडातून निघालं, "चला, पुढे सरका, दारात थांबू नका." पोरं आत गेली. ती आजपर्यंत आतच आहेत.

आता माझं सांगतो. मी दुसरी पास. मिरची गल्लीत मसाल्याच्या कांडपावर आयुष्य काढलं, पण कुणाचं फुकट खाल्लं नाही. लग्न केलं नाही, का ते विचारू नका. भिकूकडे मी दुपारचा जेवतो, पण कसा? ताट माझं, माझ्या खोलीतून नेतो. जेवण झालं की धुतो आणि परत आणतो. दुसऱ्याच्या फळीवर माझं भांडं नाही. एकदा एका आईने विचारलं, "हे आजोबा कोण?" भिकू म्हणाला, "स्टाफ." बसमध्ये स्टाफला तिकीट नसतं. मला ते पटलं. तेव्हापासून मी स्टाफ म्हणून जेवत होतो, मान वर करून.

सगळं बरं चाललं होतं. मग विरारहून त्याचा मुलगा प्रमोद आला. चांगला मुलगा, पण हिशेबी.

"बाबा, हा धंदा नाही, खूळ आहे. तुम्ही पेन्शन घालून लोकांची पोरं पोसताय."

"नफा होतो रे."

"कुठे होतो? दाखवा. कुणाकडून तरी इन्कम टॅक्सचा नीट हिशेब करून घ्या. नफा निघाला तर मी परत बोलणार नाही. तोटा निघाला तर हे बंद, आणि तुम्ही माझ्याकडे विरारला."

"दिला शब्द," भिकू म्हणाला. मिशीला पीळसुद्धा दिला.

लोक म्हणतात विरार काही लांब नाही. नसेल. पण ताट घेऊन कुणी विरारला जेवायला जात नाही.

हिशेबाला आली चिमणी. खरं नाव अश्विनी, मोठी सीए आहे, दादरला ऑफिस. पण वैनीच्या पाळणाघरात वाढलेली, म्हणून आमच्यासाठी चिमणी. लॅपटॉप उघडून पोरांच्या चटईवर बसली. भिकूने आधी तिच्यापुढे बिस्किटं ठेवली आणि म्हणाला, "हात धुतलेस?"

"काका, मी पस्तीस वर्षांची आहे."

"मग धुवायला काय झालं?"

ती मुकाट्याने मोरीवर जाऊन हात धुऊन आली.

"आता सांगा. एका मुलाचे महिन्याला किती घेता?"

"मोठ्यांचं फुल तिकीट. तीन वर्षांखालच्यांचं हाफ. जो अजून चालत नाही त्याचं काही नाही."

चिमणीने मान वर केली. "म्हणजे तान्ही बाळं फुकट?"

"मांडीवरच्याला कुठल्या बसमध्ये तिकीट असतं गो?"

"काका! सगळ्यात जास्त काम तान्ह्यांचंच असतं. दूध, लंगोट, झोपवणं. सगळीकडे त्यांचे जास्त घेतात. तुम्ही उलटं करताय!"

"माका शिकवू नको. नियम तो नियम."

"हा बसचा नियम आहे!"

"मग? मी कोण आहे?"

सीएने पाणी पिऊन पुढचं विचारलं. एक कोळीण आपली मुलगी ठेवते, ती पैशाऐवजी मासळी देते. भिकूने ती बाणेदारपणे उत्पन्नात सांगितली. "सरंगा धर. बांगडे धर. मांदेली धरू नको, ती प्रेमाने देते." चिमणी हसत नव्हती. दोन्ही हातांनी डोकं धरून लिहीत होती.

मग खर्च. दूध, बिस्किटं, गॅस, फिनेल, केरलादीवालीचा पगार. आणि वाणसामान.

"एवढे तांदूळ? एवढीशी पोरं एवढं खातात?"

"सख्या जेवतो ना." सख्या म्हणजे मी. "तो स्टाफ."

"मग स्टाफचं जेवण धंद्याच्या खर्चात येणार." तिने बोटं चालवली. मग थांबली. पुन्हा चालवली. "काका... तोटा येतोय. थोडासाच आहे, पण तोटा."

खोलीत पोरं झोपलेली. भिकूने मिशीवरचा हात खाली घेतला.

मी हिशेबात कच्चा, पण एवढं मलाही कळलं. एका ताटाने गाडी उलटत होती आणि ते ताट माझं होतं. मी उठलो. म्हटलं, "चिमणे, माझं जेवण काढून टाक. मी आजपासून जेवत नाही. मागचं काय झालं असेल ते मी देईन. मी कुणाचं—"

टण.

भिकूने दोरी ओढली होती. एक बेल. आता सांगायला लाज नाही, मी जागच्या जागी थांबलो.

"बस खाली," तो म्हणाला. "बडबड करू नको, पोरं उठतील." मग चिमणीकडे वळला. "याचं जेवण धंद्यात धरू नको. घरखर्चात धर."

"पण काका, आत्ताच तुम्ही स्टाफ म्हणालात. मला खरं तेच लिहायला लागेल."

"खरं तेच सांगतो. कसला स्टाफ? कधी एका पोराचा लंगोट बदललाय यानं? कधी बाटली धुतलीय? पंख्याखाली बसून पेपर वाचतो आणि वरून सांगतो, आमटीत मसाला कमी. हे स्टाफचं लक्षण? हे घरच्या माणसाचं लक्षण. आमची ही पण अशीच बसायची, तिथेच." आणि त्याने माझ्या बसायच्या जागेकडे बोट केलं. "घरच्या माणसाचं जेवण कुणी धंद्यात धरतं काय? आपण बिनतिकीट जेवतो असं त्याला वाटू नये, म्हणून स्टाफ म्हणत होतो मेल्याला."

चिमणीने लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाली, "बरोबर आहे काका. घरचं जेवण धंद्यात येत नाही. नियम तो नियम." बोटं चालवली. "नफा आहे."

भिकू ताठ झाला. "किती टॅक्स भरायचा?"

"शून्य."

"शून्य? नफा झाला ना?"

"झाला. पण पेन्शन धरूनसुद्धा एवढ्यावर टॅक्स लागत नाही."

आणि मग झालं ते भांडण. मी धंदेवाला आहे, माझा टॅक्स घ्या, थोडा तरी घ्या, हाफ घ्या! पोरं उठली, सगळेच उभे प्रवासी झाले. शेवटी चिमणीने एका बाळाला कडेवर घेऊन भिकूला समजावलं की टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरता येतं, आणि त्यात धंदा पाळणाघर आणि पुढे नफा असं लिहून जाईल. सरकारदरबारी. तेव्हा शांत झाला. तिथूनच प्रमोदला फोन लावला, म्हणाला, "नफा!" आणि ठेवून दिला. प्रमोद शब्दाचा पक्का निघाला. बापावर गेलाय.

त्या दिवशी जेवताना मी आमटीला काही नाव ठेवलं नाही. भिकू म्हणाला, "काय रे, बरं नाय?" म्हटलं, "मसाला कमी आहे." तेव्हा त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणाला अवकाश असताना, मी ताट घेऊन त्याच्या खोलीत गेलो. ते त्याच्या फळीवर, वैनीच्या ताटाशेजारी उभं केलं. भिकू बाटली धूत होता. त्याने बघितलं आणि पुढची बाटली धुवायला घेतली. मग मी पंख्याखाली बसलो आणि पेपर उघडला. घरच्या माणसाला कामाची सक्ती नसते.