रेघ नेमकी कुठून होती?

लिंबाचा काटा सिंधूताईंच्या डाव्या हाताला लागला सकाळी, आणि दुपारपर्यंत हात असा सुजला की मनगट कुठं संपलं ते ओळखू येईना. दुसऱ्या कुणाला काटा लागला असता तर उंद्री गावात त्याची वार्ताही झाली नसती. पण तीन वर्षांपूर्वी कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांच्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्या होत्या. तेव्हापासून त्या हातातलं पाणी नीट उतरत नसे. साधं खरचटलं तरी हात फुगे.

सहदेवरावांनी बायकोला तडक चिखलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर अश्विनी मॅडमनी हात मोजला, मोबाईलवर फोटो काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि लालीभोवती पेनानं निळी रेघ ओढली.

“हात उंच ठेवायचा. लाली या रेघेबाहेर गेली किंवा ताप आला, तर लगेच यायचं.”

“बाहेर म्हंजे किती बाहेर?”

“जराशीही.”

बांधावरून सख्ख्या चुलतभावाशी बारा वर्षं न बोललेला माणूस तो. हद्द म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. घरी आल्यापासून ते हातासमोर खुर्ची टाकून बसले.

“आवो, जेवून त घ्या,” सिंधूताई म्हणाल्या.

“जेवलो अन् तेवढ्यात लाली सरकली त?”

दुसऱ्या दिवशी ते म्हशीला पाणी दाखवायला गेले, तेवढ्यात सिंधूताईंचा डोळा लागला आणि शेजारच्या मनकर्णाबाई आल्या. सुजलेला हात पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी आंबेहळद उगाळून आणली, हाताला लेप दिला आणि वाळल्यावर ओल्या फडक्यानं पुसूनही काढला. सहदेवराव परतले तर हात पिवळाधमक!

“मनकर्णाबाई, रेघ कुठी हाय?”

“कोन्ती? ते निळं? मले वाटलं डाग हाय. काढला पुसून.”

सहदेवराव धावतच आत गेले. त्यांनी पेन शोधून आणलं आणि आठवून आठवून रेघ ओढली. “अशी होती.”

“अशी नाई, तिळाच्या वरून होती,” जाग्या झालेल्या सिंधूताई म्हणाल्या.

“तीळ रेघेच्या बाहेर होता!”

“हात माह्या, तीळ माह्या, अन् मलेच सांगता?”

सहदेवरावांच्या रेघेनं लाली दोन बोटं बाहेर होती. सिंधूताईंच्या हिशेबानं चांगली आत. मनकर्णाबाईंना पंच केलं, तर त्या म्हणाल्या, “मले त समदाच हात पिवळा दिसून राह्यला.”

“ताप नाई, ठणक नाई. काऊन जीव घेऊन राह्यले?” सिंधूताई वैतागल्या.

सहदेवरावांचा आवाज एकदम चिरकला. “मागच्या वेळी हात असाच सुजला, तवा ऐकलं तुह्यं. आठ दिवस तू डोये उघडत नव्हती. आता नाई ऐकत.”

सिंधूताईंनी चपला घातल्या.

हात उंच ठेवायचा हुकूम असल्यानं त्या रस्त्यावर हात वर करून उभ्या राहिल्या. लगेच दोन जीपा थांबल्या. दोन्ही खचाखच. मग थांबा नसताना एसटीही थांबली. आत बसल्यावरही हात वरच.

“मावशी, बसल्या ना आता? घ्या हात खाली,” कंडक्टर म्हणाला.

“डॉक्टरनं वर ठेवाले सांगतलं.”

“मंग ठेवा. पन खिडकीबाहेर नका काढू. तुमाले उतराचं हाय समजून लोकं गाडी थांबवा म्हून राह्यले.”

दवाखान्यात मॅडमनी टेप लावून हात पुन्हा मोजला आणि मोबाईलमधल्या फोटोशी ताडून पाहिला. सहदेवरावांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

“सूज उतरायला लागलीय. लालीही आत सरकलीय. फक्त लेपबिप काही लावू नका.”

सहदेवरावांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकत स्टुलावर मटकन बसले. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मॅडमनी लगेच त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

“एकशे नव्वद! काका, तुमची बीपीची गोळी कधी घेतली?”

सहदेवरावांनी बायकोकडं चोरून पाहिलं. “ह्या गडबडीत… दोन दिस ध्यानच नाई राह्यलं.”

“आज इथंच राहायचं. घरी सोडणार नाही.”

पाच मिनिटांत सहदेवराव खाटेवर आडवे झाले. नर्स कागद घेऊन आली. “पेशंटसंग कोन हाय?”

“मी,” सहदेवराव सवयीनं म्हणाले.

सिंधूताईंनी उजव्या हातानं कागद ओढून घेतला आणि सही ठोकली.

“सिंधू, मी इथं पडलो त तुह्या हाताकडं कोन पाहीन?”

“हाताकडं पाहाले मी हाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडंच पाहाले कोनी नवतं. मिटा डोये!”