पामटॉपमधला मंगळवार

गोंडपिपरीच्या तलाव कार्यालयात बावीस वर्षं कॅलेंडरची गरज पडली नव्हती, कारण हेडक्लार्क गुणवंतराव होते. कोणत्या गावच्या तलावाची पाळ कोणत्या साली फुटली, सगळं तोंडपाठ. साहेब केबिनमधून ओरडायचे, "गुणवंतराव, आज तारीख किती?" आणि गुणवंतराव पान गालात सारून तारीखच काय, तिथीसुद्धा सांगायचे.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात कनिष्ठ अभियंता देवानंद पामटॉप घेऊन आला. त्याच्या मेव्हण्याने हैदराबादहून आणलेला. तळहाताएवढं यंत्र, सोबत एक काडी. काचेवर काडी टेकवली की फोन नंबर, पत्ते, हिशेब, सगळं हजर. मीटिंगच्या आधी ते स्वतःच वाजायचं.

"पाहा भाऊ, डायरीची गरजच नाई," देवानंद कौतुकाने म्हणायचा.

"लाइन गेली तं काय करशीन?"

"बॅटरी हाये ना, भाऊ."

गुणवंतरावांना त्या बॅटरीचाही राग आला.

महिनाभरात केबिनमधून हाक आली, "देवानंद, आज तारीख किती?" उत्तरासाठी उघडलेलं तोंड गुणवंतरावांनी तसंच मिटलं. घरी तर कहरच. बायको, कलाबाई, ताट वाढता वाढता म्हणाली, "त्या देवानंदच्या डब्बीत साऱ्यांचे वाढदिवस हायेत म्हणते. माह्या वाढदिवस त्याच्या ध्यानात राह्यला. तुमच्या काऊन नाई?"

त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला. येत्या मंगळवारी अकरा वाजता मोठे साहेब तपासणीला येणार. देवानंदने ते लगेच यंत्रात टिपलं. बाकी कुणी कागदाला हातही लावला नाही.

दुपारी तो चहाला गेला आणि यंत्र टेबलावरच राहिलं. महिनाभर गुणवंतरावांनी तिरप्या नजरेने त्याची प्रत्येक टिचकी पाहिली होती. इकडेतिकडे बघून त्यांनी काडी उचलली, चारदा टेकवली, आणि मंगळवारची तपासणी बुधवारवर नेऊन ठेवली. 'एकच दिवस तं हाये. फजिती होईन पोट्ट्याची, दुसरं काय?'

सोमवारी साहेबांनी विचारलं, "देवानंद, तपासणी कधी हाये?"

"परवा, साहेब. बुधवारी."

"मंग उद्या सारे जण तलावाच्या पाळीवर चला. अर्धं काम तसंच पडून हाये. गुणवंतराव, तुमी ऑफिस सांभाळा."

गुणवंतराव चपापले. फजिती एकट्या देवानंदची व्हायची होती, अख्ख्या कार्यालयाची नव्हे. "साहेब, मले तं मंगळवार आठवते…"

साहेब हसले. "यंत्र चुकते का, गुणवंतराव? तुमचं आता वय झालं."

एवढं ऐकल्यावर ते कशाला बोलतात!

मंगळवारी अकराच्या ठोक्याला मोठे साहेब उतरले. कार्यालयात गुणवंतराव आणि बाकावर घोरणारा शिपाई पोचू, एवढेच. फाइलींच्या कपाटाच्या किल्ल्या देवानंदजवळ. म्हणून मोठे साहेब विचारत गेले आणि गुणवंतराव सांगत गेले. एकशे चौदा तलाव, त्यांची गावं, सालं, दुरुस्त्या. एकदाही अडखळले नाहीत. मोठे साहेब खुर्चीतून उठलेच.

"असा माणूस इथे वाया चाललाय! आपण एटापल्लीला नवं कार्यालय उघडतोय. तिथे फोन नाही, फाइली नाहीत, वीज असली तर असली. तुमचंच डोकं पाहिजे. सोमवारी हजर व्हा."

महिनाभर जे कौतुक ऐकायला कान आसुसले होते, ते आलं. ऐकायला फक्त पोचू होता, तोही झोपलेला.

तीनच्या सुमाराला चिखलाने माखलेली मंडळी परतली. मोठे साहेब देवानंदवर असे कडाडले, की पोचू जागा झाला. देवानंद रडकुंडीला आला. गुणवंतरावांना एका बाजूला त्याचं तोंड दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला एटापल्लीचं जंगल. शेवटी ते उठले.

"साहेब, पोराची चूक नाई. त्या यंत्रातली तारीख मीच बदलोली."

देवानंदने लगेच गुणवंतरावांचे पायच धरले. "साहेब, भाऊले हे चालूबी करता येत नाई. माह्यासाठी खोटं बोलून राह्यले!"

"येते मले!" गुणवंतराव ओरडले. त्यांनी यंत्र हिसकावलं, काडी टेकवली. पण घाईत ती भलतीकडेच लागली. तारखेच्या जागी बेरजा-वजाबाक्यांची आकडेमोड उघडली. पुन्हा टेकवली, तर यंत्र बंदच पडलं.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "देवानंद, यांच्याकडे पाहून तुला माफ केलं. आणि गुणवंतराव, एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला सोमवारपर्यंत कशाला थांबवायचं? तुम्ही उद्याच निघा."