खिंड कोणी हलवली?

"मी दिसतो तसा नाही," असं गुप्तहेर हर्षद सांगत असे, आणि ते खरंच होतं. दिसायला तो हुशार होता. खोपोलीत झेरॉक्सच्या दुकानावर त्याची कचेरी, दारावर त्यानंच रंगवलेली पाटी: 'तालुक्यातील सर्वांत तल्लख मेंदू. चपला बाहेर काढाव्यात.' हेर इतका गुप्त की अजून एकाही अशिलाला त्याचा पत्ता लागला नव्हता. मदतनीस सखा हे सारं सोशी, कारण संध्याकाळी मालोजीबुवांच्या कीर्तनात मृदंगावर त्याची थाप पडली की दिवसभराचं सगळं धुऊन निघे.

एके दिवशी बुवाच जिना चढून आले. एकेक पायरी, प्रत्येक पायरीला एक विठ्ठल.

"हर्षदराव, चाळीस वर्षं महाराजांनी खानाला कोंडलं ती उंबरखिंडीची लढाई गातोय, पण खिंडीत पाऊल नाही टाकलं. रविवारी तिथंच उभं राहून उत्तररंगात ती कथा सांगायचीय. डॉक्टर म्हणतात, गुडघे एक चढण देतील, दुसरी नाही. वाट चुकली की संपलं. यातला खरा नकाशा निवडून द्या."

सख्यानं बुवांना खुर्ची पुढं केली. बुवांच्या कीर्तनात खानाची फौज निघाली की पोरं आईला चिकटत. हा माणूस भलत्याच टेकडीवर बसून राहिला तर?

टेबलावर तीन वस्तू आल्या. पहिलं, जाडजूड मार्गदर्शक पुस्तक: अठरा पानं हॉटेलांची, खिंडीबद्दल एकच ओळ, 'गावकऱ्यांना विचारावे.' हे हर्षदनं पुराव्याअभावी बाद केलं. दुसरा, मोठा छापील नकाशा. तिसरी, खिंडीजवळच्या एका निवृत्त गुरुजींची पातळ पुस्तिका, आत हातानं काढलेला नकाशा.

हर्षदनं भिंग लावलं. "सखा, छापील नकाशात खिंड पायथ्याच्या गावाच्या उजवीकडे. पुस्तिकेत गावाच्या वर. गाव तेच, नदी तीच. म्हणजे मधल्या काळात खिंड कोणीतरी हलवली."

"खिंड?"

"फार्महाऊसवाल्यांनी. प्लॉटच्या आड येत असणार."

"साहेब, डोंगर हाय तो. टपरी नाय."

"इथंच तू मार खातोस. तू डोंगराला डोंगर समजतोस."

दुपारपर्यंत त्याला पुस्तिकेवर रक्ताचा डाग सापडला. तो चहाचा होता, आणि सख्यानंच सांडला होता. तरी हर्षदनं संशयितांत सख्याचं नाव घातलं. संध्याकाळी त्यानं निकाल दिला.

"पुस्तिका म्हणते, गाव सोडून वर चालावे. नकाशात वर म्हणजे उत्तर. गावाच्या उत्तरेला काय? साजगाव! लढाई साजगावला कारखान्याच्या गेटवर झाली. इतिहास चुकलाय."

"गेटवर वॉचमन सोडंल का बुवांना?"

"खानालाही सोडलं नसेल. म्हणून तर हरला."

शनिवारी दोघं हा शोध घेऊन बुवांच्या घरी गेले. ओटीवर बुवांच्या पत्नी सोनाबाई वाल सोलत होत्या. साजगाव ऐकताच बुवांचा चेहरा पडला. सोनाबाईंनी हात पदराला पुसले.

"बगू रं ती चोपडी. वर म्हंजे उत्तर, कुनी सांगितलं?"

"शास्त्र आहे, काकू."

"आमच्याकडं वर म्हंजे घाटाकडं. दिवस उगवतो ती वरची बाजू. खाली म्हंजे खाडीकडं. गुर्जींनी घाट वर काढलाय, बरोबरच हाय की."

त्यांनी पुस्तिका पाव वळसा फिरवली आणि छापील नकाशाशेजारी ठेवली. नदीला नदी जुळली, खिंडीला खिंड.

हर्षदनं भिंग खिशात घातलं. "मला कागदावर पहिल्यापासून संशय होता," तो म्हणाला.

"पण तुला कसं ठाऊक?" बुवांनी विचारलं.

"अवो, खिंडीखालचं त्ये गाव माझं म्हायेर हाय! लग्नात आला व्हता की टेंपोतून. झोपला व्हता जाता-येता."

रविवारी पुढं सोनाबाई, मागं गुडघे धरून बुवा, त्यांच्यामागं मृदंग घेऊन सखा. हर्षद सर्वांत मागं, पाठलाग होत नाही ना ते पाहत. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले, वाट अरुंद झाली, आणि सोनाबाई थांबल्या. "हीच."

बुवा एका दगडाला टेकले. मग उठले, वीणा गळ्यात घेतली. सख्यानं थाप दिली. पुन्हा दिली. बुवांचे डोळे नुसते वाहत होते.

सोनाबाईंनी पदर खोचला.

"गा की आता. का त्ये बी मीच करू?"