सोडा, आपलेच आहेत

“शरीराचे पहारेकरीच गळ्यातल्या थायरॉईडला चोर समजून बडवतायत. ‘थांब रे, ही आपलीच आहे,’ म्हणून त्यांना आवरणाऱ्याही पेशी असतात, त्या यांच्यात कमी पडतायत. तेव्हा तुम्ही यांना एकटं सोडू नका.”

डॉक्टरीणबाईंचं हे बोलणं सुपरवायझरांना फार लागलं होतं. बायकोच्या दुखण्याइतकंच पहारेकऱ्यांच्या बदनामीनंही. कारखान्याच्या फाटकांवरचा सगळा पहारा त्यांच्याच हाताखाली होता.

“आमच्याकडे असलं चालत नाही,” घरी येऊन ते म्हणाले. “माझा माणूस आपलं-परकं बरोबर ओळखतो!”

“बरं,” बायको म्हणाली. दुखण्यानं तिचं बोलणं संथ झालं होतं, विसराळूपणा वाढला होता, थंडी वाजते म्हणून गळ्यात सदा मफलर. सुईला मात्र ती अशी भ्यायची, की रक्त तपासायला म्हणून गेली आणि दोनदा दारातूनच परतली. त्यावाचून गोळी किती द्यायची ते ठरेना.

“या खेपेला मी हात धरून बसतो. शब्द देतो,” सुपरवायझर म्हणाले.

ठरल्या सकाळी निघणार, तोच फोन आला. मोठ्या फाटकावर दोन नवे पहारेकरी रुजू झाले होते. सुपरवायझरांनी फोनवरूनच दरडावलं, “गळ्यात पास नसेल तर माझा बाप आला तरी आत सोडायचा नाही!”

“आणि कुणी म्हणालं, मीच सुपरवायझर?”

“मग तर आधी बसवून ठेवायचा!”

तेवढ्यात मागच्या फाटकाचं कुलूप अडकल्याची वर्दी आली. “हा आलोच,” म्हणून ते तसेच पळाले. पास खुंटीवरच राहिला.

फाटकाचं कुलूप काही केल्या लवकर उघडेना. इकडे वाट बघून बघून बायकोनं घराला कुलूप घातलं, आपला फोन आतच विसरली, आणि देवाचं नाव घेत नवऱ्याला शोधायला मोठ्या फाटकाशी पोचली.

“मी सुपरवायझरांची... बायको.”

“सगळे असंच म्हणतात, काकू,” मिशीवाला पहारेकरी म्हणाला. “गळा का झाकलाय? आणि बोलताना एवढा विचार कसला करताय?”

त्यानं साहेबांना फोन लावला. लागेना. कसा लागणार? साहेब तेव्हा मागच्या फाटकाचं काम उरकून घराच्या बंद दाराशी उभे राहून बायकोला फोन लावत होते, आणि तिचा फोन दाराआड इमानेइतबारे वाजत होता.

केबिनमध्ये बसवल्यावर बायकोनं आदळआपट केली नाही. तिनं मनातल्या मनात आपला रोजचा जप पुरा केला. मग मिशीवाल्याच्या शर्टाचं लोंबतं बटण बघून पर्समधला सुईदोरा काढला. दुसऱ्याच्या बोलण्यात बाळंतीण बहीण आली, तशी ती कशी आहे, तेही विचारलं. थोड्या वेळानं तेच दोघं तिला म्हणत होते, “काकू, वारा लागतोय का? दार लोटू?”

एवढ्यात, बायको कारखान्याकडे गेल्याचं शेजाऱ्यांकडून कळून, घामाघूम सुपरवायझर फाटकावर आदळले.

“बाजूला व्हा! माझी बायको आत आहे!”

“पास?”

“घरी आहे!”

“मग घरून आणा.”

“घराची किल्ली तिच्याकडे आहे! अरे मूर्खांनो, मीच सुपरवायझर!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. असल्यांसाठी तर खास हुकूम होता. एकानं त्यांचा उजवा दंड धरला, दुसऱ्यानं डावा. सुपरवायझर ओरडत राहिले आणि पकड आवळत गेली.

बायको सावकाश बाहेर आली. तिनं मिशीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“थांब रे. सोडा, आपलेच आहेत.”

झटक्यात दोन्ही दंड सुटले. मिशीवाल्यानं सलाम ठोकला, तोही बायकोला.

सुपरवायझरांनी शर्ट सारखा केला. पोरांना झापायला तोंड उघडलं, पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं आणि ते तोंड तसंच मिटलं.

“आता उशीर झाला असेल ना?” बायकोनं विचारलं. आवाजात थोडी आशाच होती.

“नाही झाला.”

त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला, तिचा हात धरला आणि तिच्या संथ पावलाला पाऊल जुळवत रक्त तपासणीच्या वाटेला लागले.