पोक देरामानची मान

पोक देरामाननी वाऊ पतंगाच्या कामट्यांवर दोरा फिरवून करकचून गाठ मारली. त्यांची बायको मेक याम शेजारी बसून कामट्या धरत होती. काम झालं म्हणून ती उठली, तर तिच्या ओढणीबरोबर अर्धा वाऊही उठला.

"अहो, यंदा मला उडवताय का?"

गाठ कुठे बसली ते पोकना कळलंच नव्हतं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ठार बधिर झाली होती. चाळीस वर्षं माणसाएवढे पतंग बांधून मलेशियातल्या केलांतानच्या किनाऱ्यावर आभाळात सोडणारा तो हात. पोक त्या बोटांकडे कितीतरी वेळ बघत बसले. जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेक यामनं त्यांना इस्पितळात नेलं. तिथे व्यायामोपचार करणारी सुहैला त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची होती.

"बोटं ठणठणीत आहेत, पोक. शीर मानेत दबलीय. आयुष्यभर वर बघितलंत ना!"

"मग आता खाली बघू?"

"खाली नाही, वर नाही. समोर."

तिनं त्यांचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं आणि अगदी हळू, श्वासाच्या तालात ओढलं. वाऊचा ओला कागद पोक स्वतः असाच उचलत. बाहेर आल्यावर ते मेक यामला म्हणाले, "पोरीच्या हाताला समज आहे." यापेक्षा मोठं कौतुक पोकनी उभ्या जन्मात कुणाचं केलं नव्हतं.

व्यायाम दोन होते. एक, हनुवटी सरळ मागे ओढायची. दुसरा, हात बाजूला लांब करून तळवा वर, मनगट खाली वाकवायचं आणि डोकं उलट बाजूला कलतं करायचं. दर तासाला दहादहा वेळा. आणि सहा आठवडे वर बघायचं नाही.

पंचाईत एवढीच की तिसऱ्या आठवड्यात वाऊंची स्पर्धा होती आणि एकोणीस वर्षं मुख्य पंच पोकच होते.

"वर न बघता निकाल कसा देणार?" मेक यामनं विचारलं.

"वाऊच्या डोक्यावरची धनुकली वाऱ्यात घुमते. मला कान आहेत."

"घरात मी हाक मारते तेव्हा कुठे असतात ते?"

स्पर्धेच्या दिवशी वाळूत खुर्ची टाकून, वाऊंकडे पाठ आणि उडवणाऱ्यांकडे तोंड करून पोक बसले. अठ्ठावीस वाऊ वर गेले. तेवढ्यात व्यायामाची वेळ झाली म्हणून खिशातल्या फोनमधला कोंबडा आरवला. पोकनी डोळे मिटले आणि मनापासून हनुवटी मागे ओढली.

रांगेतला एक जण चरकला. "अरे, माझ्यावर तोंड वाकडं केलं त्यांनी!"

"तुझ्यावर नाही, माझ्यावर. माझी दोरी सैल आहे, न बघता कळलं बघ म्हाताऱ्याला!"

झालं. सगळे धडाधड दोऱ्या ताणू लागले. दहा वेळा हनुवटी मागे गेली, दहा वेळा दोऱ्या ताणल्या गेल्या. मग पोकनी उजवा हात लांब केला.

"तिकडे सरका म्हणतायत! चला, चला!"

सगळी रांग एकमेकांच्या पायांवर पाय देत सरकली आणि वरती दोऱ्यांची वेणी झाली. एक वाऊ थेट माशांचे पापड तळणाऱ्या बाईच्या छतावर उतरला. बाकीचे भराभरा वाळूत.

डोळे मिटलेल्या पोकना यातलं काही दिसलं नाही. फक्त एकेक आवाज विझत गेला आणि शेवटी एकच सूर उरला. जाड, संथ, कुठेही न तुटणारा.

"हाच!" ते ओरडले. "एकोणीस वर्षांत असा सूर ऐकला नाही!"

"ऐकलाय, पोक. दर वर्षी ऐकता." बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा सेमान एकटाच जागच्या जागी उभा होता. "माझं रंगकाम बघून मला शेवटच्या नंबरावर ढकलता, इतकंच."

"तू सरकला नाहीस?"

"मी वाऊ उडवत होतो. तुमच्याकडे कशाला बघू?"

किनाऱ्यावर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "गोंधळ पोकच्या हातानं झाला, हा निकाल कसा धरायचा?"

"बरोबर बोललास," पोक म्हणाले. "पुन्हा उडवा. सगळे. जागा बदलून."

दोऱ्या सोडवायला तासभर गेला. या खेपेला पोक डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. अठ्ठावीस वाऊ एकदम घुमू लागले आणि पोकनी एकेक सूर कानानं वेगळा केला. मग म्हणाले, "डावीकडून सहावा." तिथे सेमानच उभा होता.

पोक उठले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सेमान, एकोणीस वर्षं मी डोळ्यांनी ऐकत होतो. चूक माझी. बक्षीस तुझं."

सेमाननं मान डोलावली. आता तो वाऊ बघावा म्हणून पोकनी मान वर करायला सुरुवात केली, तोच गर्दीतून सुहैला धावत आली.

"पोक! खबरदार!"

"एकदाच बघू दे गं पोरी."

"बघा की. पण झोपून. आडवं पडून बघायला मी कधी नको म्हटलं?"

तिनं पंच्याची घडी करून त्यांच्या डोक्याखाली सरकवली. पोक वाळूत उताणे झाले आणि तीन आठवड्यांनी त्यांना सबंध आभाळ दिसलं. त्यात सेमानचा वाऊ होता. सिमेंटच्या पिशवीची ठिगळं आणि कोबीच्या गड्ड्यासारखी हिरवी फुलं.

"सेमान."

"काय, पोक?"

"दिसायला मात्र भयंकर आहे रे."

"आहेच," सेमान म्हणाला आणि दोरी हातात धरून तोही त्यांच्या शेजारी आडवा झाला.