जनूभाऊ आणि चुन्याची निवळी

जनूभाऊंची माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी भिवंडीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि जनार्दन केणे, म्हणजे जनूभाऊ, आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. मी हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि माझ्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं, बुटाची नाडी सुटली असेल. मीही खाली बघितलं. नाडी जागच्या जागी होती.

"सर, बूट काढता का जरा?"

नव्या नोकरीत माणूस सगळ्यांचं ऐकतो. मी बूट काढला, मोजा काढला आणि त्यांनी सांगितलं तसा ओल्या फरशीवरून कोरड्या फरशीवर पाय टाकला. जनूभाऊंनी उकिडवं बसून तो ठसा निरखला आणि मान हलवली.

"तळवा सपाट हाय. चढाईला काय उपयोगाचे न्हाय तुमी. बसा, च्या आनतो."

कबड्डीच्या चढाईला जायचा विचार माझ्या मनात जन्मात कधी आला नव्हता, तरी नापास झाल्याचं वाईट वाटलं. लग्न जमवतानासुद्धा मला इतक्या लवकर कोणी नाकारलं नव्हतं.

पुढे कळलं की यात वैयक्तिक काही नाही. प्राचार्यांपासून पाववाल्यापर्यंत जनूभाऊ सगळ्यांनाच पायांवरून ओळखत. "चेहरा फसवतो, सर," ते म्हणायचे. "घोटा न्हाय फसवत." दाढी ठेवली, चष्मा लावला, केस रंगवले तरी त्यांच्या लेखी काही फरक पडत नसे. चप्पल बदलली तर मात्र ते क्षणभर गोंधळायचे.

आमच्या भागात कबड्डी काय आहे हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. दोन हजार सालानंतरचा तो काळ. भातखाचरांवर गोदामं उठत होती, पण प्रत्येक गावात कबड्डीचं एक अंगण शाबूत होतं. ज्या कंपन्यांचे स्वतःचे संघ होते, त्या दरवर्षी कॉलेजातल्या पोरापोरींची निवड चाचणी घ्यायच्या. निवडला गेला की खेळ आणि कायमची नोकरी, दोन्ही एकदम. त्यामुळे चाचणीच्या आधीचा महिना घराघरांत नवस बोलले जायचे, आणि आमच्या प्रयोगशाळेत जनूभाऊंची यादी तयार व्हायची.

हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. पण एका कंपनीच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी एकदा त्यांच्या यादीतला एक लुकडा पोरगा केवळ गंमत म्हणून घेतला, आणि तो पोरगा वर्षानुवर्षं त्यांच्या संघाचा खांब होऊन बसला. तेव्हापासून चाचणीआधी प्रयोगशाळेतला फोन वाजायचा. "केणे आहेत का? यंदा कोण?" जनूभाऊ उभं राहून, अंगातला खाकी कोट नीट करून त्या फोनवर बोलायचे.

यादीतले शेरे मी चोरून वाचायचो. 'पाय मांजराचा, डोका बापाचा.' 'पकड चांगली, सोडाची कवा ते कळत न्हाय.' 'जेवतो बरा. पळतो पन जेवल्यावानी.' एका पोराच्या नावापुढे नुसतं 'आईला विचारावं' एवढंच लिहिलेलं होतं. काय विचारायचं, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दमाची परीक्षा तर थेट आमच्या प्रयोगशाळेत व्हायची. कबड्डीत चढाई एका दमात करावी लागते. जनूभाऊ चंचुपात्रात चुन्याची निवळी घ्यायचे, त्यात काचेची नळी सोडायचे आणि खेळाडूला फुंकायला लावायचे. श्वासाने निवळी पांढरी होते हे शाळेतलं पोरही जाणतं. पण जनूभाऊ बुडबुडे मोजायचे. बुडबुडे तुटले की दम तुटला. आमच्या कॉलेजात चुन्याची निवळी इतकी कशी खपते, हे कोडं प्राचार्यांना दरवर्षी पडे.

मी रुजू झाल्याला काही वर्षं झाली होती, तेव्हा ते एकदा धावतच माझ्याकडे आले. "सर, सुवर्णानं निवळी दुधावानी केली, आन् त्याच दमात परत पान्यावानी केली!"

मी म्हटलं, "जनूभाऊ, जास्त फुंकलं की निवळी पुन्हा स्वच्छ होते हे खरं, पण एका दमात नाही होत. कुठल्याही पुस्तकात बघा."

"पुस्तकवाल्यानं सुवर्णाचा दम बगितला न्हाय," ते म्हणाले.

सुवर्णा दिघाशीची, कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला. क्रीडा अधिकाऱ्यांचा फोन आधीच येऊन गेला होता. त्यांना यंदा चढाई करणारी एकच मुलगी घ्यायची होती. चाचणी येत्या रविवारी. पण जनूभाऊंचा एक नियम होता. घर बघितल्याशिवाय नाव यादीत चढत नसे. "मैदानावर सगळीच पोरा वाघ," ते म्हणायचे. "घरात बगा, उकिडवी कशी बसतात, हंडा उचलताना टाच उचलते का." त्यांच्याकडे वाहन नव्हतं आणि माझ्याकडे स्कूटर होती. म्हणून गुरुवारी दुपारी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. जनूभाऊ मागे बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत निवळीची बाटली.

दिघाशीला आमचं स्वागत झालं ते बघून मी थक्क झालो. ओटीवर नवी चादर अंथरलेली. सुवर्णाचे वडील हात जोडून उभे. पोहे आले, शिरा आला. कॉलेजच्या माणसांना इतका मान मिळतो हे मला ठाऊक नव्हतं. आजी दाराआडून माझ्याकडे टक लावून बघत होती आणि कोणाला तरी म्हणाली, "पोरगा जरा थोराड वाटतो." कोणता पोरगा, म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

मग साडीत गुंडाळलेली सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन आली. तिला मान खाली घालायला सांगितलेलं, आणि जनूभाऊंची मान तर कायमच खाली. दोघं एकमेकांचे पाय बघत होते.

"जरा चालून दाखव," जनूभाऊ म्हणाले.

ती चालली. वडिलांना यात काही वावगं वाटलं नाही. बघायला आलेली माणसं मुलीला चालायला सांगतातच.

"आता उकिडवी बस. ऊठ. हाताचा आधार न्हाय घ्यायचा."

ती बसली, उठली. आजीच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग जनूभाऊंनी पिशवीतून बाटली काढली, चंचुपात्र काढलं, नळी सोडली. "फुंक."

"त्यांच्यात अशी रीत असंल," सुवर्णाच्या वडिलांनी आजीला हळूच समजावलं.

सुवर्णाने जनूभाऊंना आवाजावरून केव्हाच ओळखलं होतं. पदराआड तिचे ओठ दाबलेले मला दिसत होते. ती बोलली नाही, फुंकत राहिली. निवळी पांढरी झाली. जनूभाऊ मोजत होते, आजी देवाचं नाव घेत होती, आणि तेवढ्यात अंगणात एक जीप येऊन थांबली. तिच्यातून वडप्याचे पाच पाहुणे उतरले, आणि सहावा, नवा रंगीत मोबाइल हातात धरलेला, खरा नवरा मुलगा.

सुवर्णाच्या वडिलांनी आधी जीपकडे बघितलं, मग आमच्याकडे. "मंग तुमी कोन?"

"कॉलेजातले," जनूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. "पोरीची कबड्डी बगायला आलो. रविवारी कंपनीची चाचनी हाय. हिचा नाव मी एक नंबरला टाकतोय."

पाहुण्यांनी उभ्या उभ्या चहा घेतला आणि "कळवतो" म्हणून ते निघून गेले. जीप वळली तसा वडिलांचा आवाज चढला. परक्या माणसांनी येऊन पोरीची टाच मोजायची, काचेत फुंकायला लावायचं, आणि आलेलं स्थळ परत जायचं! "पोरगी खेळनार न्हाय. आन् तुमी पन परत या घरात पाय टाकायचा न्हाय." सुवर्णा आत निघून गेली. तिचा चहाचा ट्रे ओटीवरच राहिला.

परतीच्या वाटेवर मला हसू आवरत नव्हतं. "जनूभाऊ, आजीने मला थोराड म्हटलं!" एका टपरीवर चहाला थांबलो तर ते बाटली मांडीवर घेऊन बसले. मग आपणहून बोलले.

"सर, माजी भैन कुंदी. तीपन चढाई करायची. दापोड्याला दिलेली हाय. पंचवीस वर्सांमागं तिला कंपनीचा पत्र आला होता. निवडीचा. मना सापडला, कारन टपाल मीच घ्यायचो. लगीन ठरलेला होता. नवरा गोरागोमटा, हसतमुख. तोंड बगितला आन् हो बोललो मी. कुंदीच्या पायांकडं न्हाय बगितला. पत्र दडवला."

"तिला सांगितलं नाहीत?"

"कसा सांगनार? तिच्या घरी गेलो का मान खाली जाते. मंग तीच सवय लागली."

इतकी वर्षं मी ज्या सवयीवर स्टाफरूममध्ये सगळ्यांना हसवत होतो ती ही अशी होती. मला स्वतःची लाज वाटली. चहाचे ग्लास परत दिले आणि जनूभाऊ म्हणाले, "दापोड्याला याल का? एकट्याला न्हाय जमायचा."

कुंदाबाई म्हणजे जनूभाऊंच्या बोलण्यावरून मी कल्पिलेली दुःखी बहीण अजिबात नव्हती. घसघशीत बाई, हातात पाटल्या, दारात गोदामवाल्यांची वर्दळ आणि त्या सगळ्यांवर चालणारा आवाज. जनूभाऊंनी उंबऱ्याकडे बघत अडखळत सगळं सांगितलं. दिघाशी, सुवर्णा, आणि सरतेशेवटी ते पत्र.

"पंचांगात ठेवला होतास," कुंदाबाई म्हणाल्या.

जनूभाऊ उंबऱ्यावरच खाली बसले.

"लग्नाच्या घरात पत्र दडवायला तुला पंचांग सापडला, दादा! हळदीचा मुहूर्त बगायला आईनं मनाच पंचांग काढायला लावला." त्या मोठ्यानं हसल्या. मी पण हसलो.

"मंग बोललीस का न्हायस?"

"आदी लय राग होता. मंग वाटला, तूच बोलशील. वाट बगितली." त्यांनी पदराने हात पुसले. "भरला घर हाय माजा, दादा. मानूस चांगला भेटला. तुज्यावर राग न्हाय. पन भाकऱ्या थापताना कदी कदी दम धरते. बगते किती होतात त्या."

"किती होतात?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"पयले दोन व्हायच्या. आता एक."

मग त्या उठल्या आणि पायात चप्पल घातली. "त्या पोरीचा बाप घरी असंल ना आता?"

आम्हाला घरात यायची बंदी होती, म्हणून दिघाशीच्या ओटीवर कुंदाबाई एकट्याच गेल्या. आम्ही वडाखाली स्कूटरशी उभे होतो, पण त्यांचा आवाज तिथवर येत होता. "एक रविवार दे मना, भाऊ. पोरगी नेते तशी आनून देते. निवडली न्हाय तर वडप्यावाल्यांना मीच बोलावते. आन् निवडली तर ते एक न्हाय, दोन जीपा घेऊन येतील. नोकरीवाली सून कोनाला नको?" मग आजीचा आवाज आला. "जाऊ दे रे पोरीला. काचेत फुंकून तर झालाच हाय."

रविवारी मैदानावर आम्ही चौघं एका बाकावर बसलो होतो. एका टोकाला सुवर्णाचे वडील, तोंड फुगवून. मग मी, जनूभाऊ आणि कुंदाबाई. चढाई करणाऱ्या मुली अकरा होत्या आणि जागा एक. पहिल्या दोन चढायांत सुवर्णा धरली गेली. अधिकारी वहीत काही लिहीत नव्हते. वडील पुटपुटले, "उगाच आनली."

शेवटची चढाई. "कबड्डी, कबड्डी" म्हणत सुवर्णा आत शिरली. एकीने घोटा धरला, दुसरीने कंबर. तिसरी अंगावर पडली. सुवर्णा त्या तिघींना ओढत मध्यरेषेकडे सरकत होती, बोटं लांबवून, आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता. पण तुटत नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाकडूनही मला तेच शब्द ऐकू येत होते. कुंदाबाई डोळे न मिटता, ओठ जेमतेम हलवत, तिच्याबरोबर म्हणत होत्या. चेहरा लाल झालेला, मानेच्या शिरा ताणलेल्या. सुवर्णाची बोटं रेषेला लागली, शिट्टी वाजली, आणि कुंदाबाईंनी श्वास सोडला.

सुवर्णाचे वडील उभे राहून ओरडत होते. काय ओरडत होते ते त्यांनाही माहीत नसावं. अधिकाऱ्यांनी वही उघडली आणि एक नाव लिहिलं. संध्याकाळी फलकावर लागलं ते तेच, सुवर्णाचं.

मी जनूभाऊंना हलवलं. वर्षभराच्या मेहनतीचा तो क्षण. आता ते सांगतील ते मला जसंच्या तसं ऐकायचं होतं.

"जनूभाऊ, घोटा कसा पडला शेवटी?"

त्यांची मान खाली नव्हती. ते बहिणीच्या तोंडाकडे बघत होते, डोळे भरलेले.

"न्हाय बगितला, सर," ते म्हणाले. "कुंदीचा दम मोजत होतो. तुटला न्हाय."