तेजश्रीचं वाळवण

तेजश्री चहाचा कप घेऊन गच्चीवर आली आणि मटकन खाली बसली. चहा पायावर सांडला तरी तिला कळलं नाही. काल तिने आपल्या चित्राचं कापड गच्चीवर पसरून ठेवलं होतं. कोरं, पांढरंशुभ्र, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवलेलं. आता त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया होत्या. ओळीने मांडलेल्या, ओल्या, अजून वाफाळणाऱ्या. तिच्या सासूबाई दगडाबाई आणि शेजारच्या सिंधूबाई सोऱ्या फिरवत शेवटची ओळ घालत होत्या, आणि सोबत गाणं चाललं होतं,

“पहिली गं कुरडई शिरूरच्या लेकीला,
दुसरी गं घालते जावयाच्या पंगतीला...”

“आत्या!” तेजश्री किंचाळली. सासूला ती आत्याच म्हणायची.

“काय गं? भाजलं का?”

“ह्ये माझं चित्र हाय!”

दगडाबाईंनी कापडाकडे पाहिलं, सिंधूबाईंनी वाकून पाहिलं.

“चित्र कुठाय ह्यात?”

“आजून काढायचं व्हतं!”

“मग न काढल्यालं चित्र आमास्नी कसं दिसावं, बाई?” सिंधूबाई म्हणाल्या.

“मला वाटलं,” दगडाबाईंचा आवाज दुखावलेला होता, “सूनबाईनं न सांगता वाळवणाचं कापड धुऊन कांजी करून ठेवलंय. कवा न्हाई ते! साऱ्या आळीत सांगून आले मी.”

ती कांजी नव्हती, मैद्याची आणि डिंकाची खळ होती. तेजश्रीची चित्रं नुसत्या रंगांची नसत. त्यांत पत्रा, तार, बांगड्यांच्या काचा, पोत्याचे तुकडे असं काय काय चिकटवलेलं असे. पुण्यात नव्या चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं. विषय होता ‘लहानपण’. निवड करणारे आनंदराव परवा स्वतः मांडवगणला येऊन तिचं चित्र बघणार होते. अशी संधी तिला पहिल्यांदाच मिळत होती, आणि महिनाभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. सकाळी चिकटवायचं, संध्याकाळी उपटायचं. नवरा विक्रम रांजणगावच्या कंपनीतून घरी आला की बूट काढता काढता विचारी, “आज काय चिकटवलं?”

“उपटलं,” ती म्हणे.

आता उपटायचीही सोय राहिली नाही. ऊन तापलं, कापड तापलं, ओल्या चिकाने खळ पाझरली आणि कुरडया कापडाला अशा बिलगल्या, जशी निजलेली लेकरं आईला. उलथनं घातलं तर कापडच वर यायला लागलं.

“वाळू दे कडकडीत, आपसूक सुटत्याल,” दगडाबाई म्हणाल्या. “लेकीच्या, आनिताच्या सासूला शब्द दिलाय मी. त्यांच्याकडं हळदीला ह्याच कुरडया जायच्यात.”

“आन् माझं चित्र?”

“त्याला दुसरं कापड घे की. घरात चादरी काय कमी हायेत?”

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात तेजश्री जिन्याच्या वरच्या पायरीवर डोकं धरून बसली होती. सहज नजर गेली आणि ती उठून उभी राहिली. कुरडया कुठल्या? ती तर चाकं होती! दौंडच्या यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीची, एकामागे एक, संपता न संपणारी चाकं. तिचे वडील रेल्वेत होते. क्वार्टरच्या ओट्यावर बसून ती गाड्या बघायची. गाडी निघून गेली की रूळ तेवढे मागे राहायचे आणि ती त्या रुळांकडेच बघत बसायची. ती धावत खाली गेली. चुलीची काजळी आणली, विक्रमच्या डब्याच्या पिशवीच्या बंदातली तार ओढली, आणि ओळींच्या मधल्या जागेत रूळ मांडत सुटली.

“अगं ए!” दगडाबाई वर आल्या. “माझ्या कुरडयांजवळ काजळी?”

“कुरडया न्हाईत त्या आता, आत्या. चाकं हायती.”

“मग आनिताच्या सासूला काय चाकं तळून वाढू?”

दोघी रात्री एकमेकींशी न बोलता जेवल्या. विक्रम मधे बसून दोघींना चटणी देत राहिला.

आनंदराव आले ते तिसऱ्या दिवशी दुपारी. पांढरी दाढी, गळ्यात चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी चित्राभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली.

“ही चाकं कुणी केली?”

“मी,” दगडाबाई पदर सावरत पुढे आल्या. आज कुरडया सोडवून न्यायच्याच, म्हणून त्या परात घेऊनच आल्या होत्या.

“काय हात आहे, मावशी! एकसारखी, आणि तरी प्रत्येक वेगळी. अहो, ही कला आहे.”

दगडाबाईंनी हळूच परात पाठीमागे लपवली. इतकी वर्षं कुरडया घातल्या, लोकांनी खाल्ल्या, वर मीठ जास्त झालं म्हणून सांगितलं. कला आहे, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी तिथूनच अनिताला फोन लावला. “तुझ्या सासूला सांग, कुरडया न्हाई मिळायच्या. पुण्याला चालल्यात.”

तेवढ्यात आनंदरावांनी एका कुरडईखाली नख घातलं. ती टचकन सुटली. खाली, खळीत तिचा ठसा उमटला होता. वेटोळ्याआत वेटोळं, जसं जुन्या माणसाच्या अंगठ्याच्या ठशात.

“हे! हेच पाहिजे!” मोजकं बोलणारे आनंदराव ओरडलेच. “कुरडया काढा सगळ्या. नुसते ठसे ठेवा. मग चित्र घेतलं म्हणून समजा.”

तेजश्रीला आनंदाने काय करावं कळेना. सासूला कुरडया, सुनेला चित्र, सगळंच सुटलं! पण दगडाबाई परात आपटून कापडापुढे उभ्या राहिल्या.

“म्हंजी? माझ्या कुरडया नकोत, त्यांची सावली पायजे?”

“आत्या, तुम्हीच म्हणत व्हता ना, काढ म्हणून?”

“तवा त्या कुरडया व्हत्या! आता कला हाय. हात लावायचा न्हाई कुणी.”

ऊन कललं, चहा दोनदा झाला. शेवटी तडजोड झाली, एक कुरडई चित्रात राहील. कुठली, ते दगडाबाई ठरवतील. त्यांनी खालच्या कोपऱ्यातली एक जाडजूड ठेवली.

पुण्यात चित्रापुढे माणसं थांबत होती, मान हलवत होती. तेजश्रीचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. सगळं असून काहीतरी टोचत होतं. ती एकटी कुरडई, आवरलेल्या घरात चप्पल राहावी तशी दिसत होती. पण बोलणार कोण?

सुनेबरोबर पुण्याला आलेल्या दगडाबाई चित्राजवळ गेल्या. नीट निरखलं. मग वाळवणाजवळ गेलेली कुठलीही बाई जे करते तेच त्यांनी केलं. दोन बोटांत धरून किंचित दाबलं.

कट्!

कुरडई मोडून त्यांच्या हातात आली. आनंदराव धावत आले. “मावशी, हे काय केलंत!”

“वाळली का बघितलं. जाड हाय ना, आतून वल्ली असती.” त्यांनी एक तुकडा तोंडात टाकून खात्री केली. “वाळली.”

तेजश्री बघत होती. त्या जागी आता त्या कुरडईचाही ठसा होता, बाकीच्यांपेक्षा खोल. शेवटचं चाकही गेलं होतं. मागे नुसते रूळ. महिनाभर काहीतरी उपटायला शिवशिवणारे तिचे हात पहिल्यांदाच निवांत होते.

“राहू द्या, सर,” ती म्हणाली. “आता चित्र झालं.”

आनंदराव काहीतरी बोलणार, तोच दगडाबाईंनी उरलेला तुकडा त्यांच्यापुढे धरला.

“घ्या. मीठ बेतानं हाय.”

आनंदरावांनी इकडेतिकडे पाहिलं, ‘चित्रांना हात लावू नये’ या पाटीकडे पाठ केली, आणि तुकडा तोंडात टाकला.